तक्रार येण्याआधी

रविवार, १२ जानेवारी

टिल्लू,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, ते माहीत आहे. पण तू फोन उचलत नाहीस, आणि फोनवर मला तसंही धड बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. वाचायचं नसेल तर बाजूला ठेव. तब्येतीचं रडगाणं गाणार नाही. तब्येत ठणठणीत आहे.

बातमी अशी की मी घर घेतलं. राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. हसू नकोस.

निवृत्त होऊन आठ महिने झाले. चौतीस वर्षं लिफ्टच्या मागे गेली, त्यामुळे घरी बसायची सवय अशी नव्हतीच. पहिला महिना बरा गेला. सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, सगळे नळ उघडून परत बसवले, मिक्सर दोनदा खोलला, त्यातला दुसऱ्यांदा विनाकारण. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत. मग दुरुस्त करण्यासारखं घरात काही उरलं नाही. तुझ्या आईला जाऊन सहा वर्षं झाली आणि तू गेल्याला तीन. दोन खोल्यांत एक माणूस किती मोडतोड करणार?

फंडाचे पैसे बँकेत होते. कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात एक एजंट भेटला. त्याचं आडनाव मला अजून माहीत नाही, कारण तो दर तिसऱ्या वाक्याला 'आपले फक्त दोन टक्के' म्हणतो आणि मी मनात त्याचं नाव दोनटक्के ठेवून बसलो. त्याचं म्हणणं, "काका, पैसा बँकेत झोपा काढतो. घरात घातला की सकाळी उठून कामाला जातो." मला वाक्य आवडलं. आपल्या घरातून कुणीतरी सकाळी उठून कामाला जावं, असं मलाही वाटत होतं.

त्याने सहा घरं दाखवली. तो खिडकीतून दिसणारी झाडं दाखवायचा आणि मी त्याला बेसिनखालची ओल दाखवायचो. सातवं घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तिसरा मजला. इमारतीला लिफ्ट नाही. जन्मभर लोकांना वर नेलं आणि आता स्वतः अठ्ठावन्न पायऱ्या चढतो. तुझी आई असती तर म्हणाली असती, नाकापेक्षा मोती जड. असेना का. मला ते घर बघून बरं वाटलं, कारण त्यात करण्यासारखं खूप होतं.

तू ज्या गोष्टीवरून बोलणं टाकलंस ती तशी किरकोळ होती. पण जाऊ दे, उकरून काढत नाही. ख्यालीखुशाली कळव. दोन ओळी पुरेत.

बाबा

रविवार, २ मार्च

टिल्लू,

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पोचलं. मी एवढ्यावरही खूश आहे.

घर भाड्याने देणं म्हणजे काय असतं ते आता कळलं. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात, त्यात 'भाडेकरू पाहावा शोधून' हे कुणीतरी घालायला हवं होतं. सात आठवडे घर रिकामं पडलं होतं. रोज सकाळी जायचो, खिडक्या उघडायचो, संध्याकाळी लावायचो. एक नवं जोडपं आलं, त्यांनी टीव्हीसाठी भिंत मोजली आणि बायकोला भिंत आवडली नाही. एक गृहस्थ आले, ते म्हणाले मी एकटाच राहणार, आणि जाताना विचारलं, चौदा गाद्या मावतील का. दोनटक्के म्हणाला, "काका, भाडं थोडं खाली आणा, माणूस वरचा मिळेल." आणलं.

आणि मिळालं माणूस. एकटी बाई आहे, तुझ्याएवढीच असेल, चौतीस-पस्तीस. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर माप पाठवतात आणि ही त्यावरून दात घडवते. मला म्हणाली, "काका, तुमचे खालचे दोन पुढचे दात कामाला आलेत." मी म्हटलं, आधी घर बघा.

तिने बघितलं, आणि कसं? प्रत्येक नळ सोडला, थांबली, बंद केला, परत थांबली. खिडक्यांचे बोल्ट सरकवून पाहिले. दाराची कडी आतून लावली आणि बाहेरून मला ढकलायला सांगितलं. दोनदा ढकलायला लावलं. आमच्या धंद्यात असं तपासणारं माणूस मिळालं असतं तर मी त्याला हाताखाली घेतलं असतं.

करारनामा दोनटक्केने छापील आणला होता. मी सही करून मोकळा झालो. ती खुर्चीत बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. नवव्या कलमावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, मालकाला घर पाहायचं असल्यास किमान एक दिवस आधी कळवावं.

"हे पाळता ना, काका?"

"अहो, छापील असतं ते," मी म्हटलं.

"छापील असलं तरी पाळायचं असतं ना?"

दोनटक्के हसला, मीही हसलो. ती हसली नाही. मग सही केली.

कुलपाच्या किल्ल्या तीन होत्या. दोन तिला दिल्या. तिसरीचं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मालकाकडे एक असतेच.

तुझ्याकडे पाण्याचा दाब कसा आहे? वरच्या मजल्यावर असशील तर दाब कमी येतो, त्याला उपाय आहे.

बाबा

रविवार, ६ एप्रिल

टिल्लू,

आज जरा मोकळं लिहितो. लिहायला दुसरं कुणी नाही, हे एक, आणि तुला माझं काम लहानपणापासून ठाऊक आहे, हे दुसरं.

माझ्या उस्तादांचं म्हणणं तुला पाठ असेल. लिफ्ट बंद पडल्यावर धावत येतो तो मेकॅनिक नव्हे, बंद पडायच्या आधी येऊन गेलेला असतो तो मेकॅनिक. तक्रार येण्याआधी जायचं. एकतीस इमारतींच्या मशीनखोल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असायच्या. दर पंधरा दिवसांनी जायचं, ग्रीस, तेल, चिंधी, वहीत सही, आणि खाली. कुणाला आपली चाहूलही लागता कामा नये. चौतीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही की तू कोण आणि आत कसा आलास. तीच माझी शाबासकी होती.

तर मी दर दुसऱ्या शनिवारी भाड्याच्या घराची सर्व्हिस करतो. ती शनिवारी सहापर्यंत प्रयोगशाळेत असते. मी तीनला जातो. आतापर्यंत मोरीच्या नळाचा वायसर बदलला, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार तिरकं झालं होतं ते सरळ केलं, बटणाच्या पाटीचे स्क्रू आवळले. बाहेरच्या दारापाशी फरशीवर रेघा उठल्या होत्या, टेबल ओढल्यासारख्या. नवी फरशी आहे. बाई टेबल सारखं इकडचं तिकडे करत असेल म्हणून मी टेबलाच्या चारही पायांखाली जाड लोकरी कापडाच्या चकत्या चिकटवल्या. आता बोटाने सरकतं, आवाजसुद्धा होत नाही. ती खूश झाली असेल.

एक दिवस आधी कळवलं का, असं विचारशील. नाही कळवलं. कळवलं की ती म्हणणार, काही बिघडलेलं नाही, कशाला येता. बिघडलेलं नसतं तेव्हाच जायचं असतं, हे तिला कोण समजावणार?

मी कशाला हात लावत नाही. कामापुरतं बघतो, बस. खिडकीत पांढऱ्या प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत असतात, ते दिसणारच. एक ताट, एक वाटी, उशा मात्र दोन. पुस्तक उशाशी उपडं, गेल्या वेळेपेक्षा तीस-चाळीस पानं पुढे गेलेलं. गोळ्यांची पट्टी, झोपेच्या असाव्यात.

काल काम वीस मिनिटांत संपलं. मग जरा टेकलो तिच्या खुर्चीवर. तिचा फ्रीज मधूनच घरघरतो आणि गप्प होतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडी लावत होतं. कुणाच्या तरी घरात बसल्यासारखं वाटलं, टिल्लू. म्हणजे कुणीतरी आत्ता बाहेर गेलंय आणि येणार आहे, अशा घरात. माझ्या घरातून कुणी बाहेर गेलेलंच नसतं. साडेपाचपर्यंत बसलो. तहान लागली म्हणून पाणी प्यालो, ग्लास विसळून पालथा ठेवला, आणि निघालो.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. पण ही गोष्ट वेगळी आहे. ते घर माझं आहे.

बाबा

शनिवार, ३१ मे

टिल्लू,

आज माझं डोकं ठिकाणावर नाही, त्यामुळे अक्षर लावून घे.

किल्ली लागली नाही. दुपारी तीनला गेलो, किल्ली घातली, फिरेना. आधी वाटलं किल्ली उलटी धरलीय. मग खाली वाकून बघितलं तर कुलूपच दुसरं. नवंकोरं. माझ्या दाराला, मला न विचारता.

पत्रं लिहिली नाहीत त्या दोन महिन्यांत मी तीन वेळा गेलो होतो. चौथी वेळ आजची. काय वाईट केलं मी? न्हाणीघराची जाळी साफ केली. बल्ब गेला होता तो पदरचा लावला. बाजारात जा आणि विचार, असा मालक मिळतो का. लोक सहा-सहा महिने गळक्या नळाखाली बादली ठेवून मालकाला फोन करत बसतात. आणि ही बाई कुलूप बदलते.

ते कुलूप मी पाच मिनिटांत उघडलं असतं. पिशवीत सगळं होतं. खरं सांगतो, पेचकस बाहेरही काढला होता. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाई वर आल्या. त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज पण आलात?" एवढंच. मी म्हटलं, "माझं घर आहे." त्या म्हणाल्या, "हो, ते खरंच." आणि तिथेच उभ्या राहिल्या, मी जाईपर्यंत.

दोनटक्केला फोन केला. म्हटलं, नोटीस काढ, घर खाली करायला सांग. तो गप्प झाला. तो गप्प बसण्यातला माणूस नाही, तुला सांगतो. मग म्हणाला, "काका, तुम्ही न सांगता आत जात होता?" मी म्हटलं, सर्व्हिसला. तो म्हणाला, "काका, हे बाहेर कुणाला बोलू नका. तिने पोलिसांत सांगितलं तर माझे दोन टक्के सोडा, तुम्ही आत जाल." हात दाखवून अवलक्षण ते हेच म्हणायचं.

मी एवढंच म्हणतो की चांगलं करायला गेलं की हे असं होतं. तू तरी काय वेगळं केलंस?

बाबा

रविवार, ८ जून

टिल्लू,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोडता आलं असतं तर खोडलं असतं. पाकीट पेटीत पडल्यावर हात आत जात नाही.

गुरुवारी तिचा फोन आला. रविवारी अकराला या, जिन्यात बोलू, खालच्या बाई पण असतील. मी नोटिशीचा कागद टाइप करून खिशात घालून गेलो. ती दार उघडून उंबऱ्यात उभी होती, आत या म्हणाली नाही. शिक्षिका बाई दोन पायऱ्या खाली स्टुलावर बसल्या होत्या.

ती म्हणाली, "काका, मी ओरडणार नाही. मी सांगते, तुम्ही ऐका. मी ग्लास सुलटा ठेवते, नेहमी. एप्रिलमध्ये एक दिवस पालथा होता."

मी म्हटलं, "मी पाणी प्यालो होतो फक्त."

"मला काय माहीत कोण प्यालं? मला वाटलं मला वेड लागायला लागलंय. त्याआधी कपाटाचं दार आपोआप सरळ झालं होतं. मग गेलेला बल्ब आपोआप पेटला. माझ्या आधीच्या घराची किल्ली माझ्या दिराकडे होती, काका. तिथून मी कशी निघाले ते तुम्हाला सांगायची गरज नाही. मला वाटलं, त्याने हे घर शोधून काढलं."

मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण गेला तासभर मी तेच ऐकतोय.

"मी रात्री दाराला टेबल लावून झोपायचे. कुणी ढकललं तर पाय फरशीवर घासतात, करकर वाजतं, जाग येते. एक दिवस बघते तर टेबलाखाली कापड लावलेलं. आवाज बंद. त्याच्यानंतर मी दोन महिने झोपले नाही."

टिल्लू, त्या चकत्या मी हाताने कापल्या होत्या. नाण्याभोवती पेन फिरवून, सारख्या गोल. घरी बसून, चष्मा लावून. एवढ्या आनंदाने मी गेल्या वर्षात दुसरं काही केलं नव्हतं.

"मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल," मी म्हटलं.

"मग विचारायचं होतं."

शिक्षिका बाई म्हणाल्या, "हिला मी कधीच सांगितलं असतं. मला वाटलं, मालक येतात ते हिला माहीत आहे. मी आपली गप्प." त्यांचा चेहरा उतरला होता.

मी कागद खिशातच ठेवला. विचारलं, "घर सोडणार का तुम्ही?"

"घर चांगलं आहे," ती म्हणाली. "मी शोधून शोधून दमलेय. मी राहणार. तुम्ही येऊ नका."

जुन्या कुलपाची तिसरी किल्ली मी तिच्यापुढे धरली. आता तिचा उपयोग शून्य. ती म्हणाली, "ती राहू दे तुमच्याकडे, मला नको." आणि दार लावलं. कडी लावल्याचा आवाज आला, मग टेबल सरकवल्याचा. चकत्या तिने काढल्या असाव्यात, कारण चांगलं करकरलं.

आता जेवतो. मग पुढचं लिहितो, आज नाही. आज जमणार नाही.

बाबा

बुधवार, १८ जून

टिल्लू,

दहा दिवस कागद पुढ्यात ठेवून उठत होतो. आता लिहितो.

मी त्याला किरकोळ म्हणत आलो. तुझ्या मावशीला सांगितलं, पोरगी हट्टी आहे. शेजाऱ्यांना सांगितलं, जावईबापूंची बदली झाली. सगळ्यांना काही ना काही सांगितलं, आणि स्वतःलाही तेच सांगितलं.

झालं ते असं. तुझ्या घराची किल्ली तू मला दिलीस ती अडीअडचणीसाठी. मी दर पंधरा दिवसांनी येत होतो, तुम्ही दोघं कामावर असताना. तुला ते कळत होतं, आणि तू हसून सोडून देत होतीस, ते मला आता कळतंय. मग त्या मंगळवारी मी खणाची पट्टी बसवायला खण बाहेर काढला. त्यात दवाखान्याची फाईल होती. पट्टी बसवायला फाईल वाचावी लागत नाही. मी वाचली. तिसऱ्या महिन्यात गेलं, असं लिहिलं होतं. तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती, आणि त्या नऊ दिवसांत आपण दोनदा फोनवर बोललो होतो. तू म्हणाली होतीस, सगळं ठीक.

मला ते एकट्याला सोसेना. तुझी आई असती तर तिच्यापाशी बोललो असतो. तुझ्याशी बोलायला हवं होतं, पण फाईल वाचली हे सांगावं लागलं असतं. म्हणून विहीणबाईंना फोन केला. मला वाटलं, त्यांना माहीत असणार. त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही दोघांनी ठरवून सांगितलं नव्हतं, कारण त्या काय म्हणतील ते तुला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्या तुझ्याकडे आल्या आणि तेच म्हणाल्या. तू अजून कुणापाशी रडली नव्हतीस, आणि तुला त्यांच्यापुढे रडावं लागलं. ते दुःख तुझं होतं, तू ते कधी आणि कुणाला सांगायचं ते तुझ्या हातात होतं. मी ते वाटून टाकलं.

तू आलीस, हात पुढे केलास आणि म्हणालीस, "बाबा, किल्ली." मी दिली. तू एक शब्द जास्त बोलली नाहीस. मला वाटलं, बरं झालं, स्वस्तात सुटलो.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. किल्ल्या दोन होत्या. तू दिलीस त्याच आठवड्यात मी दुसरी करून घेतली होती, मशीनखोल्यांच्या किल्ल्यांची करायचो तशी. ती मी दिली नाही. तीन आठवड्यांनी तुम्ही गावाला गेल्याचं कळलं, आणि मी आलो. गॅलरीच्या दाराचा बोल्ट घट्ट होता, त्याला तेल घातलं. फक्त तेवढंच. मनात म्हटलं, हिला कळणारही नाही, आणि बोल्ट मऊ चालेल.

तुला कळलं. त्यानंतर आलो तेव्हा तुझ्या दाराला नवं कुलूप होतं, आणि त्याच्यानंतर आलो तेव्हा तुझ्या दारात दुसऱ्यांच्या चपला होत्या. वॉचमनने सांगितलं, गेले ते लोक. कुठे ते त्याला माहीत नव्हतं, की तू सांगू नको म्हणाली होतीस, देव जाणे.

तीन वर्षं मी म्हणत होतो, बोल्टला तेल घातलं म्हणून कुणी बापाला सोडतं का? तो रविवार जिन्यात गेला नसता तर अजूनही म्हणालो असतो. तूही तुझ्या घरात ग्लास कसा ठेवलाय ते बघत बसली असशील. दाराला टेबल लावलं नसशील, मी बापच आहे, चोर नाही. पण जाग आली असेल. मी चुकलो, टिल्लू. एकदा नाही, तुझ्या घरात पाऊल टाकलं त्या प्रत्येक वेळी चुकलो. मला त्याची लाज वाटते.

बाबा

रविवार, १३ जुलै

टिल्लू,

तिच्या स्वयंपाकघरातला नळ बिघडला. मला कळलं ते असं की तिने प्लंबर बोलावला, त्याचं बिल मला पाठवलं आणि खाली लिहिलं, भाड्यातून वळते करू का. बिल बघून मी खुर्चीतून उठलो. जेवढ्याला नवा नळ येतो तेवढे त्या गड्याने नुसत्या मजुरीचे लावले होते. पाच मिनिटांचं काम. पिशवी दाराशीच असते, वायसर आणि धागा आत तयार असतो. मी चपला घातल्या होत्या.

मग चपला काढल्या आणि तिला लिहिलं, करा. तिने 'आभारी आहे' असं पाठवलं. तो नळ त्याने कसा बसवला ते मला कळायचं नाही. धागा नीट गुंडाळला की नाही, कोण जाणे. दोनटक्के म्हणतो, "आत्ता कुठे तुम्ही मालक झालात, काका. दुसरं घर बघायचं का?" मी नको म्हटलं. एक सांभाळून होत नाही.

हे पत्र मी दुसऱ्याच कामासाठी लिहितोय. चपला काढून बसलो तेव्हा समोर टेबलावर तुझ्या नावाचं पाकीट होतं. पत्ता आधीच घालून ठेवला होता मी, पुढच्या पत्रासाठी. आणि बराच वेळ त्या पत्त्याकडे बघत बसलो.

हा पत्ता तू मला दिलेला नाहीस. डिसेंबरात जावईबापूंच्या जुन्या ऑफिसात फोन केला आणि तिथल्या मुलीला थाप मारली की मुलीला तातडीने औषध पाठवायचंय. ती घाबरली बिचारी, लगेच शोधून दिला. मी तेव्हा स्वतःवर इतका खूश होतो की दोन चहा प्यालो. म्हणजे ही पत्रं तुझ्या घरात शिरली ती तशीच. सहा वेळा. तू उघडलीस की नाही ते मला माहीत नाही, पण तुझ्या दारात ती पडलेली दिसली असतील, आणि तुला कळलं असेल की मला हेही घर सापडलं.

त्याची माफी मागायला आणखी एकदा तुझ्या दारात यावं लागतंय, दुसरा मार्ग मला सुचला नाही. पत्ता लिहिलेला कागद फाडला. पाठ झालाय, ते काही फाडता येत नाही. पण मी तिथे येणार नाही, आणि यापुढे लिहिणारही नाही. तब्येत बिघडली तरी कुणाकरवी निरोप पाठवणार नाही. तू रागावून गप्प आहेस, की माझं नाव काढल्यावर अजून घशाशी येतं, की तुला आता काही वाटतच नाही, हे मला जाणून घ्यायचंय. फार जाणून घ्यायचंय. पण मी विचारत नाही.

माझा पत्ता तुला माहीत आहे. मी घरीच असतो.

बाबा